कृत्तिकांमधले थंड सदस्य तारे कसे ओळखावेत: कच्च्या यादीपासून पक्क्या यादीपर्यंत

कृत्तिकांच्या सदस्य ताऱ्यांची यादी करणे हा एम.एस्सी.च्या प्रकल्पाला सोयीचा विषय आहे. गाया उपग्रहाची माहिती फुकट मिळते, टॉपकॅट हे सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालते आणि नांदेड असो की बीड, दुर्बिणीवाचूनही काम पुढे सरकते. मात्र अशा याद्यांमध्ये एक दोष पुन्हा पुन्हा दिसतो. तेजस्वी तारे बरोबर आलेले असतात, आणि सतराव्या प्रतीच्या खाली (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद) यादी एकदम विरळ झालेली असते. मग निष्कर्षात लिहिले जाते की या गुच्छात थंड तारे कमी आहेत.

ते कमी नसतात. कृत्तिकांचे बहुसंख्य सदस्य एम वर्गाचे, म्हणजे साधारण ३९०० केल्विनहून थंड आहेत. ते मंद आहेत, मंद असल्यामुळे त्यांच्या मोजमापातली अनिश्चितता मोठी आहे, आणि तेजस्वी ताऱ्यांना लावलेली कडक मर्यादा त्यांनाही लावली की नेमके तेच बाहेर पडतात. ज्वारीला आणि राजगिऱ्याला एकच चाळणी चालत नाही. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीभोवती आहेत. त्यांचा क्रम बदलू नका.

## आधीची तयारी

गुच्छ कोणता घ्यायचा? पहिल्या प्रकल्पाला कृत्तिकाच घ्या. अंतर सुमारे १३६ पारसेक (एक पारसेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे), वय सुमारे ११ ते १२.५ कोटी वर्षे, वाटेत धूळ थोडी. मराठवाड्याच्या अक्षांशावरून कृत्तिका मध्यमंडलावर येतात तेव्हा खस्वस्तिकापासून जेमतेम पाच अंशांवर असतात, त्यामुळे पुढे स्वतः निरीक्षण करायचे झाले तरी अडचण नाही. दुसरा प्रयत्न ययाती तारकासमूहातल्या अल्फा पर्सेई गुच्छावर करता येईल. आयसी २६०२ हा याहून तरुण गुच्छ यादीत मोहक दिसतो, पण त्याची क्रांती उणे ६४ अंशांच्या आसपास आहे. नांदेडहून तो दक्षिण क्षितिजाच्या वर सात अंशही जात नाही. फक्त संग्रहातल्या माहितीवर काम करणार असाल तरच तो घ्या.

वहीच्या पहिल्या पानावर हे आकडे लिहून ठेवा. केंद्र: विषुवांश ५६.७५ अंश, क्रांती अधिक २४.१२ अंश. पॅरॅलॅक्स, म्हणजे पृथ्वीच्या वार्षिक फेरीमुळे दिसणारी ताऱ्याची सरक (तारा जवळ तितकी ती जास्त): सुमारे ७.४ मिलीआर्कसेकंद (एक मिलीआर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६ लाखावा भाग). निजगती, म्हणजे आकाशावरची वार्षिक सरक: विषुवांशाच्या दिशेने सुमारे अधिक २०, क्रांतीच्या दिशेने सुमारे उणे ४५.५ मिलीआर्कसेकंद. त्रिज्यीय वेग, म्हणजे दृष्टिरेषेतला वेग: सेकंदाला सुमारे ५.७ किलोमीटर. हे आकडे उत्तर म्हणून वापरायचे नाहीत. तुमचे उत्तर भरकटले तर ते लगेच कळावे, एवढ्यासाठीच ते हाताशी हवेत.

गायाच्या अनिश्चिततेचा अंदाज. तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे जून २०२२ मध्ये आलेल्या डीआर३ मध्ये, पंधराव्या प्रतीपेक्षा तेजस्वी ताऱ्यांच्या पॅरॅलॅक्समधली त्रुटी ०.०२ ते ०.०३ मिलीआर्कसेकंद असते. सतराव्या प्रतीला ती ०.०७ होते, विसाव्या प्रतीला ०.५ आणि एकविसाव्या प्रतीला १ च्या पुढे जाते. कृत्तिकांमध्ये एम वर्ग साधारण चौदाव्या प्रतीपासून सुरू होतो, तर तारा आणि तपकिरी बटू (तारा होण्याइतके वस्तुमान नसलेला गोळा) यांची सीमारेषा विसाव्या प्रतीच्या आसपास येते. म्हणजे आपल्या कामाच्या पल्ल्यात त्रुटी जवळजवळ वीसपट वाढते. हे वाक्य प्रकल्पाच्या अहवालात तुमच्या शब्दांत आलेच पाहिजे.

सावधान: गायाची फाईल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. प्रत्येक ताऱ्याचा गाया क्रमांक अठरा-एकोणीस अंकी असू शकतो आणि एक्सेल पंधराच अंक धरून ठेवते. शेवटचे अंक शून्य होतात, पडद्यावर काहीच बिघडलेले दिसत नाही, आणि दोन आठवड्यांनी दुसऱ्या सूचीशी जुळणी करताना एकही तारा जुळत नाही. फाईल फिट्स किंवा व्हीओटेबल स्वरूपात ठेवा आणि टॉपकॅटमध्येच उघडा.

## टप्पा १: माहिती सैल हाताने उतरवा

गायाच्या संग्रहात केंद्राभोवती पाच अंश त्रिज्येचे वर्तुळ घ्या. गुच्छाच्या अंतरावर पाच अंश म्हणजे जवळपास १२ पारसेक होतात. सदस्यांना बांधून ठेवणारे गुच्छाचे गुरुत्व साधारण तिथपर्यंत पुरते. एक अंशाचे वर्तुळ घेणे ही नेहमीची चूक आहे. कमी वस्तुमानाचे तारे गुच्छात बाहेरच्या बाजूला जास्त पसरलेले असतात, त्यामुळे छोट्या वर्तुळात थंड ताऱ्यांचे नुकसान सर्वात जास्त होते.

पॅरॅलॅक्सची मर्यादा ४ ते ११ ठेवा. निजगती विषुवांशात ५ ते ३५, क्रांतीत उणे ६५ ते उणे २५ ठेवा. या मर्यादा मुद्दाम ढगळ आहेत. रंगावर या टप्प्यात कोणतीही अट घालू नका. “फक्त तांबडे तारे उतरवले” असे वाक्य अहवालात दिसले की पुढचे सगळे संशयास्पद होते, कारण मंद ताऱ्यांचे रंग का चुकतात हे तेव्हा अजून तपासलेलेच नसते.

त्रुटींचे स्तंभ विसरू नका: पॅरॅलॅक्सची त्रुटी, निजगतीच्या दोन्ही घटकांची त्रुटी आणि त्यांचे परस्परसंबंध दाखवणारे स्तंभ. पुढे ते पुन्हा उतरवायला बसलात तर दोन फाईलींचा मेळ घालण्यात वेळ जाईल. होस्टेलचे नेट मध्येच तुटत असेल तर शोध संग्रहाच्या सर्व्हरवर पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रकारात पाठवा. खाते उघडले असेल तर निकाल तिथेच साठून राहतो आणि नंतर उतरवता येतो.

तपासा: उतरवलेल्या सगळ्या ताऱ्यांचा निजगतीचा आलेख काढा. अधिक २०, उणे ४५ च्या जवळ दाट पुंजका डोळ्यांना दिसायला हवा. दिसत नसेल तर बहुतेक वेळा चिन्हाची चूक असते.

## टप्पा २: दर्जाचे शेरे मारा, तारे पुसू नका

गायाच्या सूचीत आरयूडब्ल्यूई नावाचा स्तंभ आहे. एकटा तारा मानून केलेले गणित मोजमापाशी किती जुळले, हे तो सांगतो. एकच्या आसपास असेल तर उत्तम. १.४ च्या वर गेले की काहीतरी खटकते आहे असे समजतात.

इथे बहुतेक जण १.४ च्या वरचे सगळे तारे पुसून टाकतात. तसे करू नका. हा आकडा वाढण्याचे एक मोठे कारण म्हणजे जोडतारा असणे, आणि जोडतारा गुच्छाचा पक्का सदस्य असू शकतो. नवा स्तंभ करा आणि त्यात “चांगला” किंवा “संशयित” असा शेरा द्या. पहिली यादी चांगल्यांची बनवा, संशयितांना शेवटी वेगळ्या चाचणीने पाहा. पुसलेला तारा परत येत नाही, शेरा मात्र कधीही बदलता येतो.

रंगांसाठीही असाच एक शेरा लागतो. गायाच्या बीपी (निळा) आणि आरपी (तांबडा) या दोन पट्ट्यांतला प्रकाश मिळून जी या रुंद पट्ट्याच्या मानाने किती जास्त आहे, ते सांगणारा स्तंभ सूचीत असतो. त्याची रंगानुसार दुरुस्त केलेली किंमत वापरा. कच्ची किंमत तांबड्या ताऱ्यांसाठी स्वभावतःच वेगळी असते, त्यामुळे कच्च्या किमतीवर रेष ओढली की थंड तारे पुन्हा विनाकारण अडकतात.

## टप्पा ३: गुच्छाची चाल तेजस्वी ताऱ्यांवरून ठरवा

आता फक्त पंधराव्या प्रतीपेक्षा तेजस्वी आणि “चांगला” शेरा असलेले तारे घ्या. निजगतीच्या आलेखातल्या पुंजक्याभोवती तीन-चार मिलीआर्कसेकंदांचे वर्तुळ काढा. आतल्या ताऱ्यांच्या पॅरॅलॅक्सचा मध्यक काढा, फार लांबचे वगळा, मग पुन्हा मध्यक काढा. आकडा हलायचा थांबेपर्यंत असे करा. सरासरीऐवजी मध्यक घ्या, कारण एखादा परका तारा सरासरीला ओढून नेतो.

पॅरॅलॅक्स ७.३ ते ७.४ च्या दरम्यान यायला हवा. तुमचे उत्तर ६.८ किंवा ७.९ आले तर पुढे जाऊ नका.

या टप्प्यात आणखी एक बारकावा आहे, आणि बहुतेक याद्या इथेच कच्च्या राहतात. निजगतीच्या आलेखात गुच्छाचा पुंजका गोल आणि घट्ट असेल असे आपण धरून चालतो. कृत्तिका इतक्या जवळ आहेत की तसे होत नाही. गुच्छाला खोली आहे: पुढच्या बाजूचा सदस्य आपल्याला जवळ, म्हणून त्याची निजगती जास्त, मागच्या बाजूच्याची कमी. दहा पारसेक पुढे-मागे झाले की निजगतीत साडेतीन मिलीआर्कसेकंदांपर्यंत फरक पडतो. शिवाय केंद्रापासून पाच अंश पूर्वेला किंवा पश्चिमेला गेल्यावर उत्तर दिशाच थोडी फिरलेली असते, त्यामुळे दोन घटकांची वाटणी दोनएक मिलीआर्कसेकंदांनी बदलते. खरोखरचे अंतर्गत वेग मात्र एक मिलीआर्कसेकंदाहूनही कमी फरक पाडतात. म्हणजे पुंजका जेवढा पसरट दिसतो, त्यातला मोठा भाग केवळ भूमितीचा असतो.

म्हणून निजगतीवरून स्पर्शीय, म्हणजे दृष्टिरेषेला आडव्या, वेगाकडे वळा. सूत्र साधे आहे: एकूण निजगतीला ४.७४ ने गुणा आणि पॅरॅलॅक्सने भागा. दोन्ही मिलीआर्कसेकंदांत असतील तर उत्तर सेकंदाला किलोमीटरमध्ये येते. कृत्तिकांसाठी एकूण निजगती सुमारे ४९.७, म्हणून वेग जवळपास ३२. हा ३२ खोलीच्या परिणामापासून मोकळा आहे. दिशा फिरण्याचा हिशोब वेगळा करावा लागतो. त्यासाठी प्रत्येक ताऱ्याच्या जागी गुच्छाच्या अवकाशातल्या वेगाची दिशा काढा आणि ताऱ्याची निजगती त्या दिशेने व तिच्या काटकोनात अशी फोडा. सदस्याचा काटकोनातला घटक शून्याच्या जवळ हवा.

## टप्पा ४: मंद ताऱ्यांपर्यंत उतरा, मर्यादा त्रुटीनुसार सैल करत

लेखातला सर्वात महत्त्वाचा टप्पा हाच. घाई करू नका.

प्रत्येक ताऱ्यासाठी विचारायचा प्रश्न असा: गुच्छाच्या किमतीपासून हा तारा त्याच्या स्वतःच्या त्रुटीच्या किती पट दूर आहे? त्रुटीत गुच्छाचा नैसर्गिक पसाराही मिळवायचा: दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. येणाऱ्या आकड्याने फरकाला भागा. उत्तर तीनच्या आत असेल तर तारा उमेदवार म्हणून ठेवा.

समजण्यासाठी घेतलेले तीन तारे पाहा.

तारा अ: जी प्रत १४.२, पॅरॅलॅक्स ६.९५, त्रुटी ०.०२, एकूण निजगती ४७. निजगतीच्या आलेखात तो पुंजक्याच्या कडेला पडतो आणि घट्ट वर्तुळ काढले असेल तर बाहेर जातो. पण ४.७४ गुणिले ४७ भागिले ६.९५ म्हणजे ३२.१. वेग गुच्छाचाच आहे, तारा फक्त मागच्या बाजूला, सुमारे १४४ पारसेकवर आहे. ठेवा.

तारा ब: प्रत १६, पॅरॅलॅक्स ५.९, त्रुटी ०.०४, निजगती ५०. निजगतीच्या आलेखात अगदी मधोमध. वेग काढला तर ४०.२ येतो, आणि त्रुटी इतकी लहान आहे की सबबीला जागा नाही. हा मागून जाणारा परका तारा. काढा.

तारा क: प्रत २०, पॅरॅलॅक्स ६.६, त्रुटी ०.५, निजगती ४९.१. वेग ३५.३ येतो. तारा ब च्या धड्यानंतर हात लगेच काढून टाकायला जातो. पण पॅरॅलॅक्समधल्या त्रुटीमुळे या वेगातली अनिश्चितताच सेकंदाला २.७ किलोमीटर आहे. फरक ३.३, म्हणजे सव्वापटही नाही. ठेवा. थंड सदस्य असेच दिसतात, आणि घट्ट मर्यादा लावणारा त्यांनाच गमावतो.

सावधान: सैल करणे म्हणजे सगळ्यांना आत घेणे नव्हे. विसाव्या प्रतीच्या खाली त्रुटी एवढ्या वाढतात की वाटेल तो तारा तीनपटीच्या आत बसू लागतो. या पट्ट्यात चाचणी पास होणे हा सदस्यत्वाचा पुरावा धरता येत नाही. अशा ताऱ्यांना “दुबळा उमेदवार” म्हणा आणि पुढच्या टप्प्यांवर भिस्त ठेवा.

तपासा: उमेदवारांची आकाशातली मांडणी काढा. तेजस्वी आणि मंद, दोन्ही गट मध्यभागी दाट आणि कडेला विरळ दिसायला हवेत. मंद गट वर्तुळभर सारखाच पसरलेला असेल तर त्यात परकेच भरले आहेत.

## टप्पा ५: रंग आणि प्रत यांचा आलेख

रंगाची पाळी आता. आडव्या अक्षावर रंग, उभ्या अक्षावर प्रत, तेजस्वी तारे वर.

सवयीने सगळे बीपी वजा आरपी हा रंग घेतात. एम शून्य वर्गाजवळ (आकडा वाढेल तसा तारा थंड) तो सुमारे १.८, एम चार जवळ २.८ ते २.९ असतो, तिथपर्यंत ठीक चालतो. त्याखाली धोका आहे. थंड तारा निळसर पट्ट्यात फार मंद असतो, आणि गायाच्या प्रक्रियेत अतिमंद ताऱ्यांचा बीपी प्रकाश प्रत्यक्षापेक्षा जास्त धरला जातो. परिणामी बीपी प्रत साधारण २०.३ च्या पुढे गेली की तांबडे तारे आलेखात निळ्या बाजूला वळलेले दिसतात. खालचे शेपूट डावीकडे वाकलेले दिसले की तिथे वेगळ्या जातीचे तारे आहेत असा निष्कर्ष काढू नका. जी वजा आरपी हा रंग घ्या, शेपूट सरळ होते.

त्याहून चांगले म्हणजे अवरक्त प्रत जोडणे. टू-मास सर्वेक्षणाच्या जे, एच आणि के प्रती घ्या. थंड तारे तिथे ठसठशीत दिसतात. जी वजा के हा रंग एम वर्गाला लांबवर पसरवतो, त्यामुळे परके तारे वेगळे पाडणे सोपे जाते.

जुळणी करताना सावधान: टू-मासची छायाचित्रे १९९७ ते २००१ मधली आहेत, गाया डीआर३ ची स्थाने २०१६ ची. सतराएक वर्षांत कृत्तिकांचा सदस्य ०.८ आर्कसेकंदांहून जास्त सरकलेला असतो. अर्ध्या आर्कसेकंदाच्या त्रिज्येने जुळवलेत तर पार्श्वभूमीचे स्थिर तारे जुळतील आणि सदस्य सुटतील, म्हणजे हव्या त्याच्या नेमके उलट. गायाची स्वतःची टू-मास जुळणीची तक्ता-फाईल वापरा, किंवा स्थाने निजगतीने मागे नेऊन मग जुळवा.

संदर्भरेषा कोणती घ्यायची, यावरही चुका होतात. सूर्याजवळच्या जुन्या ताऱ्यांची मुख्य श्रेणी घेऊ नका. कृत्तिकांच्या वयाला सुमारे अर्ध्या सौरवस्तुमानाखालचे तारे अजून आकसतच आहेत. ते फुगीर आहेत, म्हणून त्याच रंगाच्या जुन्या ताऱ्यापेक्षा तेजस्वी दिसतात. जुनी रेष लावली तर सगळे थंड सदस्य रेषेच्या वर पडतात आणि कोणीतरी त्यांना जोडतारे ठरवून मोकळे होते. टप्पा चारमधल्या पक्क्या उमेदवारांतूनच, एकेका प्रतीच्या पट्टीत रंगाचा मध्यक काढून, गुच्छाची स्वतःची रेष बांधा.

रेषेच्या वर ०.७५ प्रतीपर्यंत जागा मोकळी सोडा. दोन सारखे तारे एकाच ठिपक्यात मिसळले की प्रकाश दुप्पट होतो आणि ठिपका तेवढाच वर सरकतो. ही पट्टी कापली तर गुच्छातले जोडतारे जातात. रेषेच्या खाली मात्र कडक राहा. तिथे पडणारा तारा बहुतेक वेळा जुना, मागचा आणि परका असतो.

तांबडे राक्षसी तारे पॅरॅलॅक्समुळे आधीच गेलेले असतात. पॅरॅलॅक्स दुबळा असलेल्या खालच्या पट्ट्यात शंका राहिली तर जे वजा एच पाहा: एम वर्गाच्या बटू ताऱ्यांत तो ०.६ च्या आसपास अडतो, राक्षसी ताऱ्यांत ०.८ च्या पुढे जातो. धुळीआडचा तारा सगळ्याच रंगांत तांबडा होतो, म्हणून एका रंगावरून थंडपणा ठरवू नका. दोन रंगांचा आलेख काढा.

## टप्पा ६: परके किती घुसले, हे मोजा

हा टप्पा सर्रास वगळला जातो. तो नसेल तर तुमची यादी किती विश्वासार्ह आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

पद्धत अशी: गुच्छ नाही अशा आकाशाच्या तुकड्यावर, तेवढ्याच क्षेत्रफळात, हेच सगळे टप्पे जसेच्या तसे लावा. जे तारे पास होतील ते सगळे परके. दीर्घिकेच्या प्रतलापासून तेवढ्याच उंचीवरचा तुकडा निवडायचा, म्हणजे ताऱ्यांची गर्दी सारखी राहते.

कृत्तिकांबाबत इथे खरी अडचण येते. दीर्घिकीय अक्षांश उणे २३.५ धरून एका बाजूला गेलात तर ययातीमधला धुळीचा ढग वाटेत येतो. दुसऱ्या बाजूला वृषभेतले ढग आहेत, आणि थोडे पुढे रोहिणीजवळचा हायडीज गुच्छ. ढगामागचे तारे झाकले गेल्यामुळे परक्यांची संख्या खोटी कमी येते आणि यादी आहे त्यापेक्षा शुद्ध वाटते. तुकडा निवडण्याआधी धुळीचा नकाशा उघडा. एका तुकड्यावर विसंबू नका. निदान तीन-चार घ्या आणि त्यांच्यातला फरकही लिहा.

दुसरी पद्धत जोडीला ठेवा. आकाशाचा तुकडा तोच, पण निजगतीचा केंद्रबिंदू खोटा घ्या: तेवढ्याच मोठ्या निजगतीचा, दिशा वेगळी. दोन्ही पद्धतींचे आकडे एकमेकांजवळ आले तर मन निश्चिंत होते.

हिशोब प्रतींच्या पट्ट्यांत करा. समजा १९ ते २० या पट्टीत ६० उमेदवार आले आणि मोकळ्या तुकड्यांत सरासरी १२, तर त्या पट्टीत पाचातला एक परका. चौदा ते पंधरा या पट्टीत तोच वाटा नगण्य असू शकतो. सगळ्या यादीला मिळून एकच टक्केवारी दिली तर मंद भागातला गोंधळ तेजस्वी भागाच्या आड लपतो.

## टप्पा ७: तारुण्याच्या खुणा

इथपर्यंत आपण एवढेच सिद्ध केले की तारा गुच्छाबरोबर चालतो आणि गुच्छाच्या रेषेवर बसतो. तो तरुण आहे का, हे वर्णपट सांगतो. आधी चीनच्या लामोस्ट दुर्बिणीच्या खुल्या संग्रहात तुमच्या उमेदवारांचे वर्णपट आहेत का ते पाहा. नवे निरीक्षण मागण्याआधी हे करणे शहाणपणाचे.

हायड्रोजन-अल्फा, ६५६३ अँगस्ट्रॉम. कृत्तिकांमधल्या एम तीनच्या पुढच्या जवळपास सगळ्या सदस्यांत ही रेषा उजळ दिसते. उजळ रेषा नसेल तर शंका घ्या. पण ती आहे म्हणून तारा तरुणच, असे म्हणता येत नाही: एम पाचच्या पुढचे जुने तारेही अब्जावधी वर्षे चुंबकीयदृष्ट्या सक्रिय राहतात.

लिथियम, ६७०८ अँगस्ट्रॉम. सर्वाधिक गैरसमज या रेषेबद्दल. “लिथियम दिसले नाही, म्हणून सदस्य नाही” हे कृत्तिकांमधल्या एम तीन किंवा एम चार ताऱ्याला लागू नाही. हे तारे आतून पूर्ण घुसळले जातात आणि या वयापर्यंत त्यांनी आपले लिथियम जाळून संपवलेले असते. ते पुन्हा दिसू लागते एम साडेसहाच्या आसपास, जिथे गाभा पुरेसा तापलेलाच नसतो. ही सीमारेषा कुठे पडते यावरूनच गुच्छाचे वय सुमारे ११ ते १२.५ कोटी वर्षे ठरवले गेले आहे. म्हणून एम सात उमेदवारात लिथियम नसेल तर तो बाद. एम चारमध्ये नसेल तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

सोडियमची जोडी, ८१८३ आणि ८१९५ अँगस्ट्रॉम. पृष्ठभागावरचे गुरुत्व जास्त तेवढी ही जोडी ठळक. राक्षसी ताऱ्यात ती क्षीण, जुन्या बटूत ठळक, तरुण आणि अजून फुगीर असलेल्या ताऱ्यात या दोहोंच्या मधली. या भागात पृथ्वीच्या हवेतल्या बाष्पाच्या रेषाही येतात, त्यामुळे त्यांची दुरुस्ती केल्याशिवाय मोजमाप लिहू नका.

परिवलन. केप्लर दुर्बिणीच्या के-टू मोहिमेने २०१५ च्या सुरुवातीला कृत्तिकांचे सलग निरीक्षण केले. तिथले थंड सदस्य झपाट्याने फिरतात. उत्तरार्धातल्या एम वर्गात एका दिवसाहून कमी काळाची फेरी नेहमीची आहे. टेस उपग्रहाची माहितीही वापरता येईल, पण तिचा एक पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा असतो. मिळालेला आवर्तकाल तुमच्याच ताऱ्याचा आहे की शेजाऱ्याचा, हे गायाच्या सूचीत शेजारी कोण आहे ते पाहून ठरवा.

त्रिज्यीय वेग मिळाला तर उत्तम, पण ५.७ ला चिकटून बसू नका. आकाशात पाच अंश सरकल्यावर गुच्छाच्या आडव्या वेगाचा काही भाग आपल्या दृष्टिरेषेत येतो आणि अपेक्षित किंमत सेकंदाला जवळपास तीन किलोमीटरने बदलू शकते. एकाच रात्रीच्या एका मोजमापावरून तारा बाद करू नका; जोडताऱ्यात वेग पुढेमागे होत राहतो.

स्वतःच्या दुर्बिणीने काय होईल? बालाघाटाच्या डोंगरावर आठ इंची दुर्बीण आणि तांबडी गाळणी लावून के वर्गाच्या (एमहून किंचित उष्ण) उत्तरार्धातल्या सदस्यांचे डागांमुळे होणारे चढउतार मोजता येतील. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ त्यासाठी योग्य, कारण २० नोव्हेंबरच्या सुमारास कृत्तिका मध्यरात्री माथ्यावर असतात. एम चारच्या खालच्या ताऱ्यांचा वर्णपट मात्र हानलेच्या दोन मीटरच्या किंवा देवस्थळच्या ३.६ मीटरच्या दुर्बिणीचेच काम. त्यासाठी प्रस्ताव लिहावा लागतो, आणि टप्पा सहाचा तक्ता हा त्या प्रस्तावाचा कणा ठरतो.

## टप्पा ८: यादी लिहिताना

यादीतून “आहे” आणि “नाही” असे दोनच शिक्के काढून टाका. प्रत्येक ताऱ्यापुढे हे स्तंभ हवेत: पूर्ण गाया क्रमांक, जी प्रत, पॅरॅलॅक्स आणि निजगती त्रुटींसह, वेगाचा फरक त्रुटीच्या पटीत, रंगाच्या रेषेपासूनचे अंतर, आरयूडब्ल्यूईचा शेरा, त्या प्रतीच्या पट्टीतला परक्यांचा वाटा, आणि तारुण्याच्या कोणत्या खुणा तपासल्या, कोणत्या नाही. “तपासली नाही” आणि “दिसली नाही” या दोन नोंदी वेगळ्या ठेवा. रिकामा रकाना दोन्ही अर्थांनी वाचला जातो.

आता टप्पा दोनमधल्या संशयितांकडे परत या. त्यांचा पॅरॅलॅक्स बिघडलेला असू शकतो, म्हणून त्यांना आकाशातली जागा, रंगाची रेष आणि वर्णपट एवढ्यांवरच पारखा. गुच्छाच्या मध्यभागी असलेला, रेषेच्या अर्धा प्रत वर बसलेला आणि हायड्रोजन-अल्फा उजळ असलेला संशयित बहुधा जोडतारा सदस्य असतो. त्याला वेगळ्या तक्त्यात जागा द्या.

तपकिरी बटूंचा मोह होतोच. १९९५ मध्ये जाहीर झालेला टाइडे १ हा एम आठ वर्गाचा तपकिरी बटू कृत्तिकांमधलाच आहे, आणि तो गायाच्या पल्ल्याच्या अगदी काठावर येतो. त्याहून थंड सदस्यांसाठी गाया पुरत नाही. वेगवेगळ्या वर्षांच्या खोल अवरक्त छायाचित्रांवरून निजगती काढावी लागते. पहिल्या प्रकल्पात ते अंगावर घेऊ नका. यादी विसाव्या प्रतीवर थांबवा आणि ती तिथे का थांबवली ते लिहा.

शोधाचा संपूर्ण मजकूर, तो चालवल्याची तारीख आणि गायाची आवृत्ती परिशिष्टात द्या. जाहीर वेळापत्रकानुसार डीआर४ डिसेंबर २०२६ मध्ये अपेक्षित आहे. त्यात मंद ताऱ्यांच्या त्रुटी कमी होतील आणि आजच्या दुबळ्या उमेदवारांपैकी बऱ्याच जणांचा निकाल लागेल. आवृत्ती बदलली की काही ताऱ्यांचे क्रमांकही बदलतात, म्हणून क्रमांकाशेजारी २०१६ च्या कालबिंदूची स्थाने पूर्ण दशांशांसह छापा. पुढच्या तुकडीच्या विद्यार्थ्याला तुमची यादी नव्या सूचीशी जुळवण्यासाठी तेवढे पुरेसे आहे.